कंपनीनं ठेवलेलं भोक

खेमलालमामा गेले तो मंगळवार होता. सकाळी कोहमाऱ्याच्या चौकात त्यांनी एक ट्रक थांबवला, त्याच्याखाली शिरले, बाहेर आले, पाणी मागितलं आणि गॅरेजच्या पायरीवर बसले. पाणी येईपर्यंत ते गेले होते.

ट्रक थांबवणं हे त्यांचं काम नव्हतं. ते मिस्त्री. बिघडलेला ट्रक आपोआपच त्यांच्या दारात येई. पण मामा धडधाकट ट्रकही हात दाखवून थांबवत. ड्रायव्हरला वाटे, कोणी साहेब आहे. तो घाईघाईनं कागद काढी. मामा कागदांकडे बघत नसत. विचारत, "क्लच हाऊसिंगले खाली भोक कायले ठेवलं कंपनीनं?"

मी गोरेगावला शाळेत मराठी शिकवतो. मला यातलं जे कळतं ते मामांमुळे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक बिडाचं कवच असतं, त्यात क्लचची प्लेट फिरते. कवचाला बाजूला झरोके असतात. त्यांतून प्लेटची गरमी आणि झिजलेली भुकटी बाहेर जाते. अगदी तळाला एक भोक असतं. इंजिनाचं सील गळू लागलं की तेल त्यातून जमिनीवर पडतं. भोक बुजलं तर तेल आत साचतं, प्लेटला लागतं, आणि भरलेला ट्रक चढावर असताना इंजिन नुसतं ओरडत राहतं, गाडी पुढे सरकत नाही.

"तेल रस्त्यावर सांडलं तं मानूस खाली वाकून पाहते," मामा म्हणत. "आतल्या आत सांडलं तं कोन पाहन?"

आमच्याकडे धान भरायला ट्रक बांध्यांपर्यंत, म्हणजे भाताच्या खाचरांपर्यंत नेतात. वाटेत नाला लागतो. पाणी आत शिरू नये म्हणून ड्रायव्हर त्या भोकात बारदान्याचा बोळा कोंबतात, वर चिखल थापतात, आणि नाला ओलांडल्यावर विसरून जातात. मामांची सगळी काळजी त्या बोळ्याची होती.

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मामांनी तोच प्रश्न माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारला. ते निवृत्त पोस्टमास्तर. बराच विचार करून म्हणाले, हवेसाठी असेल. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "अर्धं बरोबर हाय. पोरगी करून घ्या, भाचेबाबू." मामी होती तेव्हा म्हणायची, या मानसाले देवळात नेलं तं देव रायला बाजूले, हे गाभाऱ्यातलं पानी कुठून निघते ते पाहत बसते.

मामी गेल्यावर थांबवलेले ट्रक वाढले.

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. दिवाळी होऊन धानाची गडबड सुरू होती. मी गॅरेजात बसलो होतो. धानानं भरलेला एक ट्रक मामांनी हात करूनही थांबला नाही. तो वळताना खालचा चिखल मामांना दिसला. ते आत आले, पाना उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. ट्रक देवरीकडे निघाला होता, आणि त्या वाटेवर घाट आहे. ड्रायव्हरला कळवायची काही सोय नव्हती.

"गाडी काढा," ते मला म्हणाले.

मोटारसायकलवर मामा मागे बसले. दर दोन मिनिटांनी विचारत होते, दिसते का. समोर प्रत्येक वळणावर मला उलटलेली गाडी दिसत होती; ती तिथे नसायची. घाट सुरू झाला आणि जळक्या क्लचचा वास आला. मामांनी माझा खांदा धरला.

ट्रक घाट चढून एका ढाब्यावर उभा होता. खालून धूर निघत नव्हता, पण वास तोच. ड्रायव्हर खाटेवर बसून जेवत होता. दोनदा मागे घसरली म्हणे गाडी, क्लीनरनं चाकाला दगड लावला म्हणून थांबली. हे सगळं तो भाजीत पोळी बुडवत सांगत होता. मामा ट्रकखाली गेले. बोळा काढताच तेल धारेनं खाली आलं. त्यांनी तो काळा बोळा ड्रायव्हरच्या ताटाशेजारी ठेवला.

ड्रायव्हर हसला. "अरे चाचा, ये तो कोहमारा के किसी पुराने मिस्त्री की तरकीब है. मेरे उस्ताद ने सिखाई. नाले में एक बूंद पानी नहीं जाता."

मामांनी मान हलवली. त्याला फक्त सांगितलं की सील बदलल्याशिवाय पुढे जाऊ नको.

परतताना घाटाखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली. "तो मिस्त्री मीच होय," म्हणाले. "नवीन होतो तईची गोष्ट. लोकायनं लय तारीफ केली. मी घालाले शिकवलं, भाचेबाबू. काढाले शिकवाचं राहून गेलं."

मी म्हणालो, कोणाला काही झालं असतं तर कानावर आलं असतं.

"कसं येईन? घाटात गाडी गेली तं भोक कोन पाहते?"

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. एरवी निरोप घेताना ते नुसतं वाकल्यासारखं करत. त्या दिवशी हात माझ्या पायांवर बराच वेळ राहिले. मी त्यांना उठवलं नाही.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

आता गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. हंगामात धानाचे ट्रक कोहमाऱ्यावरून जातात. त्यांना कोणी थांबवत नाही.