प्लॉट नंबर दोन

गुलाबराव नव्या माणसाला आपली ओळख "प्लॉट नंबर दोन" अशी करून देत. समोरच्याला तो घराचा पत्ता वाटे. गुलाबराव खुलासा करत नसत.

प्लॉट नंबर एक म्हणजे त्यांचे जुळे भाऊ मनोहरराव. ते बाळापूरला भाजीपाला पिकवत. गुलाबरावांची सारी नोकरी अमरावतीत कृषी खात्यात झाली. एकाच वाणाचं बियाणं दोन जमिनींत पेरायचं आणि फरक वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर वही सुटेना, म्हणून त्यांनी स्वतःला आणि भावाला प्रयोगाला घेतलं. "वाण एकच हाये भाऊ, फरक फक्त मशागतीचा," असं ते मला सांगत. मी त्यांचा शेजारी, आणि राजापेठेतल्या एका लहानशा लॅबमध्ये रक्त तपासत असे.

गुलाबरावांची मशागत कडक होती. पहाटे फिरणं, बेताचं तेल, दुपारची झोप बंद. मनोहरराव ठेच्यावर तेलाची धार धरत, दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत आणि जेवण झालं की विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत आडवे होत. वहीत दोघांचे रकाने होते: दात, शिंका, पायऱ्या चढताना लागणारी धाप. गुडघ्यांच्या आवाजालाही एक रकाना होता. त्यासाठी गुलाबराव भावाच्या गुडघ्याला कान लावून बसत आणि मनोहरराव तेवढा वेळ भिंतीकडे पाहत. टक्कल दोघांना एकाच जागी पडलं, ते बियाण्याच्या नावावर जमा झालं. खर्रा खाऊनही मनोहररावांचे सगळे दात शाबूत होते. त्यापुढे "निरीक्षण चालू" असा शेरा होता.

पोळा झाला की मनोहरराव वांग्यांची पिशवी घेऊन एसटीनं येत. रात्री दोघांना तोलून सारख्या पुरणपोळ्या. सकाळी उपाशीपोटी एका ताग्यातून शिवलेले दोन सदरे घालून दोघं आधी किराणा दुकानाच्या धान्याच्या काट्यावर उभे राहत आणि मग माझ्याकडे येत. कपड्याचं वजन सारखं पाहिजे, हा नियम. आधी सुई मनोहररावांना, हाही नियम, कारण ते पाव तासानं मोठे होते. साठी उलटलेले गुलाबराव त्या पाव तासापोटी त्यांना "दादा" म्हणत.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मनोहरराव खर्रा थुंकायला बाहेर गेले आणि रांग खोळंबू नये म्हणून गुलाबराव आधी बसले. मी सवयीनं पहिल्या नळीवर एक लिहिलं, दुसरीवर दोन. तोंडाकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तरी फरक पडला नसता. रिपोर्ट आला: प्लॉट दोनला साखर, प्लॉट एक साफ.

नळ्यांची अदलाबदल माझ्या लक्षात दुपारी आली. संध्याकाळपर्यंत दोघं रिपोर्ट घेऊन गेले होते. माझ्या हातून नळी बदलत नाही, असं मी तीस वर्षं सांगत आलो होतो. मी गप्प बसलो.

गुलाबराव कोलमडतील असं मला वाटलं होतं. उलट ते रिपोर्ट शेजाऱ्यांना दाखवत फिरले. डॉक्टरांनी तूर्त पथ्य सांगितलं, ते त्यांनी मानानं पाळलं. मनोहररावांनी जेवता जेवता ताटातली पोळी बाजूला सारली आणि म्हणाले, "याले बंद, तं मले बी बंद." खर्राही सोडला. पुढच्या पोळ्याला मी नळ्या तीनदा तपासल्या. दोघंही साफ निघाले. ज्याला खरंच साखर होती तो भावासाठी पथ्य पाळून बरा झाला होता, आणि ज्याला नव्हती तो श्रेय घेत होता. मी स्वतःला समजावलं की कोणाचं काही बिघडलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मनोहरराव झोपेतच गेले. तेरवी आटोपून परतल्यावर गुलाबरावांनी मला घरी बोलावलं. वहीच्या शेवटच्या पानावर "प्रयोग समाप्त" लिहिलेलं होतं आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मला सही करता येईना. मी सगळं सांगितलं. नळी, खर्रा, माझं गप्प बसणं.

त्यांनी मागची पानं उलटून ते वर्ष काढलं. साखरेचा रकाना पाहिला.

"म्हंजे साखर दादाले होती."

"हो."

"आईले बी होती," ते म्हणाले. "आमी झालो तवा तिचं दूध दोघाले पुरेना. मामाले लेकरू नव्हतं. त्यानं मले अमरावतीले आणलं. दादा तिच्यापाशी राह्यला. दोघाईतून मीच काहून, हे मी कोणाले इचारलं नाई. वहीत पायत होतो, तिच्यापाशी राह्यलं असतं तं काय फरक पडला असता." त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "तिचं म्हणून एवढं एक मले भेटलं होतं, भाऊ. ते बी दादाचंच निघालं."

वाण एकच आहे, साखर तुमच्याही रक्तात असेलच, पथ्यानं दबली असेल, असं मी म्हणणार होतो. पण माझ्या तोंडून ती थाप वाटली असती. मी माफी मागितली. त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं.

"दुरुस्ती लिहा. नोंद खरी पायजे."

मी लिहिलं, खाली सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग आत जाऊन दोन कप चहा आणला. साखरेचा डबा शोधायला त्यांना वेळ लागला. पाहुण्यांसाठी ठेवलेला तो डबा फडताळात मागे गेला होता.

"किती टाकू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "एक चमचा. आता तुम्हालाही चालेल."

त्यांनी एक चमचा साखर एका कपात टाकली, नीट ढवळली आणि तो कप माझ्याकडे सरकवला. दुसरा, बिनसाखरेचा, उचलून ते सावकाश प्यायला लागले.