सामायिक मार्गाची शुद्ध पाटी

कालव्याकाठच्या रस्त्याला सरकारी दप्तरात ‘सामायिक मार्ग’ असे नाव आहे. सामायिक म्हणजे सर्वांचा. सर्वांचा असल्यामुळे त्यावरून जाणारा प्रत्येक जण तो आपल्या एकट्याचा समजतो.

कवळ्या बनवणारी एक बाई रोज सकाळी या मार्गाने सायकलवरून कामाला जात असे. मोठ्या रस्त्याने तिला पाऊण तास लागे, कालव्याकाठून बारा मिनिटे. तयार कवळ्या कापसात गुंडाळून ती सायकलच्या मागच्या पेटीत ठेवी आणि वाटेत दवाखान्यांत पोचत्या करी.

तिने घंटी वाजवली की लोक दचकत. “केवढ्यानं वाजवता! हार्ट अटॅक यायचा एखाद्याला!” नाही वाजवली तर, “घंटी काय शोभेला लावलीय?” घंटी वाजवून वर तोंडानेही “उजवीकडून जाते हं” म्हटले, तर पुढे चाललेल्या चार मैत्रिणींपैकी दोघी डावीकडे होत, दोघी उजवीकडे, आणि ती जवळ येताच चौघी एकदम बाजू बदलत. एकदा एक गृहस्थ मार्गाच्या डाव्या कडेला उभे होते आणि त्यांचा कुत्रा उजव्या. दोघांमध्ये ताणलेला कुत्र्याचा पट्टा तिला दिसला नाही. ती पडली, पेटी उघडली आणि खालच्या दातांची एक कवळी कालव्यात गेली.

“चावत नाही हो तो,” गृहस्थ म्हणाले.

त्या दिवशी बाईने अर्ज केला: ‘मार्गावर कोणी कसे जावे, एवढे कृपया लिहून लावावे.’

अर्जाची तातडीने दखल घेऊन समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी एक निवृत्त मुख्याध्यापक आले. या मार्गाच्या बरोबर मधून, दोन्ही हात झोकात हलवत चालण्याचा त्यांना अकरा वर्षांचा अनुभव होता. नियम ठरेपर्यंत खबरदारी म्हणून समितीने पहिला आदेश काढला: पादचारी दृष्टीस पडताच सायकलस्वाराने उतरून सायकल हातात धरून चालावे. आठवडाभराने दुसरा निघाला: उतरलेली व्यक्ती पादचारी ठरत असल्याने तिने डाव्या कडेने चालावे, सायकल मात्र वाहन असल्याने उजव्या कडेने न्यावी.

बाई अध्यक्षांना भेटली. “सर, मी डावीकडून आणि सायकल उजवीकडून, हे जमायचं कसं?”

अध्यक्षांनी विचार केला. “हात जरा लांब करा,” ते म्हणाले.

आदेश पाळले जावेत म्हणून शिट्टीवाला रखवालदार आला. बारा मिनिटांचा रस्ता अर्ध्या तासाचा झाला. “रोज उशीर झाला तर मला दुसरं कुणी बघावं लागेल,” दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. पण नियम होणार होते. बाईने दात-ओठ खाऊन कळ काढली.

अखेर नियम ठरले. अध्यक्षांनी ते जाहीर करायचे, चिटणिसाने उतरवून घ्यायचे आणि रंगाऱ्याने पाटीवर लिहायचे, असा कार्यक्रम ठरला. आदल्या दिवशी भाषणाचा सराव करताना अध्यक्षांची कवळी तडकली. बाईने ती पहाटे उठून सांधली आणि वेळेवर घर सोडले. पण कार्यक्रमामुळे मार्गावर नजर जाईल तिथे पादचारी होते.

“जाऊ द्या हो,” ती रखवालदाराला म्हणाली. “सर वाट बघतायत. त्यांचे दात आहेत पेटीत.”

“दात कुणाचेही असोत,” रखवालदार म्हणाला, “उतरा.”

ती पोचली तेव्हा टाळ्या वाजत होत्या. अध्यक्ष बोळक्या तोंडाने बोलून मोकळे झाले होते, आणि अध्यक्षांच्या शब्दांत फेरफार करण्याचा अधिकार नसल्याने चिटणिसाने जसे ऐकले तसे लिहिले होते. पाटी लागली:

‘फायकलफ्वारांनी फावकाफ जावे. पाफचाऱ्यांनी कलेने फालावे. फ्वानमालकांनी पत्ता आखूल फलावा.’

दुसऱ्या दिवशी पाटीपाशी सगळेच थबकले. “तुम्हाला काही अर्थ लागतोय का?” चौघींपैकी एकीने बाईला विचारले. बाईने सायकल उभी केली. “फ्वान म्हणजे बहुतेक कुत्रा.” हे ऐकून कुत्रेवाल्या गृहस्थांनी पट्टा निमूट हाताला गुंडाळला. नेमके काय मना आहे ते कुणालाच ठाऊक नसल्याने जो तो जपून जाऊ लागला. ‘कलेने फालावे’चा अर्थ लावत चौघी एकामागे एक चालू लागल्या. शिट्टी कधी वाजवायची हे न कळल्याने रखवालदाराने ती खिशात घातली. बाई चौदा मिनिटांत कामावर पोचू लागली. दोन महिन्यांत एकही तक्रार आली नाही.

पण अध्यक्षांना आता दात होते. “पाटी अशुद्ध आहे!” ते बैठकीत गरजले.

“राहू द्या ना, सर,” बाईने हात जोडले. “छान चाललंय सगळं.”

“चाललंय म्हणून अशुद्ध ठेवायचं? लोकांना नियम कळायला नकोत?”

सोमवारी शुद्ध पाटी लागली. सव्वाआठ वाजता कुत्रेवाले गृहस्थ पहिल्या ओळीवर बोट ठेवून ओरडले, “वाचता येत नाही का? सावकाश जावे!”

“तिसरी वाचा!” बाईने सायकलवरूनच सुनावले. “पट्टा आखूड धरावा!” ती अशी ओरडू शकते हे तिला स्वतःलाच नवीन होते.

चौघींनी पहिली आणि तिसरी अशा दोन्ही ओळी खणखणीत म्हणून दाखवल्या, मार्गाच्या रुंदीभर उभ्या राहून. रखवालदाराने शिट्टी काढली. नऊपर्यंत अकरा तक्रारी नोंदल्या गेल्या. प्रत्येकीत नियमाचा क्रमांक अचूक होता.

पाटी अजून तिथेच आहे. कधी त्या बाजूला गेलात, तर पाटीवरची फक्त तुमच्यासाठी असलेली ओळ वाचा. बाकीच्या दोन तुम्हाला पाठ असतीलच.