येडशीच्या रानात हत्ती

कानडी मला पाण्यासारखं येतं! हसू नका. उस्मानाबादच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर उमरग्याकडचे बंडप्पा बसायचे. दोन वर्षं त्यांचं बोलणं ऐकून मी अर्धी भाषा फुकटात उचलली होती. कुठली अर्धी, ते आता कळेलच.

तेव्हा निजामाचं संस्थान जाऊन दहा वर्षं झाली असतील. आमच्या गल्लीतल्या नारायणराव मास्तरांची चंद्रप्रभा मला मनापासून आवडलेली, आणि ते मास्तरांनाही कळलेलं. पण त्यांची अट अख्ख्या गावाला ठाऊक. "जावई धीट पाहिजे! आधी रान दाखवीन, मग मुलगी!" म्हणून रविवारी आम्ही येडशीच्या रानातून पायी रामलिंगाच्या देवळाला निघालो. मास्तर, त्यांच्या शारदाबाई, चंद्रप्रभा, मी आणि वाट दाखवायला महालिंगप्पा. हा शारदाबाईंच्या माहेरचा, नळदुर्गकडचा कानडी बोलणारा माणूस.

म्हटलं, हीच संधी! "ऊट आय्तेन्री, महालिंगप्पा?" मी ऐटीत विचारलं.

"जेवण कुठलं मालक? डबा तर तुमच्याच हातात हाय!"

चंद्रप्रभा गालात हसली. मी आणखी ताठ चालू लागलो.

महालिंगप्पा झपाझप पुढं गेला, वळणाआड दिसेनासा झाला. अन् एकदम तिकडून ओरडला, "हत्तिर बंतु! हत्तिर बंतु, बर्री!"

मायलेकी जरा मागं राहिलेल्या, म्हणून मास्तर थबकून मलाच विचारू लागले. "काय म्हणतोय हो? पंचवीस वर्षं झाली लग्नाला, पण सासरची भाषा काही डोक्यात शिरली न्हाय."

'बंतु' म्हणजे आला, हे मला पक्कं ठाऊक. आणि हत्ती कळायला कानडी कशाला लागतंय? "हत्ती आला रं, म्हणतोय! मास्तर, पळा!"

एरवी येडशीच्या रानात हत्ती म्हटल्यावर मीच हसलो असतो. पण आदल्याच आठवड्यात बार्शीत सर्कस उतरली होती, आणि तिथला हत्ती साखळी तोडून पळाल्याची बोलवा होती. त्यात समोरच्या झाडीत धाडधाड फांद्या हलल्या! मी डबा टाकला आणि दिसेल त्या झाडावर चढलो. अर्ध्यात पोचल्यावर चंद्रप्रभा आठवली. लई लाज वाटली, पण खाली उतरण्याइतकी न्हाय.

"अहो, माझं धोतर सोडा!" वरून आवाज आला.

मास्तर! माझ्याही आधी, माझ्याही वर!

खाली बघतो तर काय! फांद्या हलवणारी वानरं डब्यातल्या पुरणपोळ्या खात होती, आणि मायलेकी एकमेकींना धरून खदखदून हसत होत्या. महालिंगप्पा धावत परत आला. "मालक, देऊळ हत्तिर आलं म्हनलं म्या! जवळ आलं! झाडावर कशाला चढलाव?"

"कानडीत हत्तीला 'आने' म्हणतात हो!" शारदाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मास्तर वरून कुजबुजले, "राघवेंद्र, हे गल्लीत कळता कामा नये."

"न्हाय कळणार. पण माझं काय?"

"तुमचं ठरलं समजा!"

मला इतका आनंद झाला, की फांदीच सुटत होती! पण खालून आवाज आला, "बाबा, मला विचारा की!"

संपलं सगळं! चंद्रप्रभानं कमरेवर हात ठेवून एकदा मास्तरांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"पसंत आहेत मला," ती म्हणाली. "बाबा, तुमच्यासोबत राहून असल्या माणसाची सवय झालीय. चला, उतरा आता दोघंही."

माझी बायको आजही सांगते, की होकार तिनं लगेच दिला होता. खरंय. मी मात्र तो घ्यायला तासाभरानं खाली आलो. कारण चढलो होतो भीतीनं. उतरायला येत कुणाला होतं?