इसिल्डाची अर्धा पाउंड कॉफी

पाहुणी डोंगर चढून येणार, तर आल्या आल्या तिच्या हातात गरम कप द्यावा, एवढाच विचार युराया व्हॅसेलने केला. (विचार करणं हा त्याचा धंदा नव्हे, पण बायको घरात नसली की तो करून बघायचा.)

बायको इसिल्डा सकाळीच खाली पुलापर्यंत गेली होती, मिस ऑर्लीनला आणायला. मिस ऑर्लीन किंग्स्टन शहरातल्या एका व्यापाऱ्यासाठी कॉफी चाखायचं काम करायची. इसिल्डाच्या आईने अगदी वर, धुक्यात लावलेली दीडशे झाडं होती. त्यांची फळं दरवर्षी साऱ्या डोंगराच्या फळांत मिसळून जात. यंदा प्रथमच कोणीतरी ती वेगळी चाखणार होतं. पसंत पडली तर पोत्यावर इसिल्डाचं नाव! म्हणून पहिल्या तोडणीतली एकेक बी नखाने तपासून तिने अर्धा पाउंड डब्यात भरून ठेवला होता. बाकीची फळं अजून झाडावर हिरवी होती आणि मिस ऑर्लीनची यंदाच्या निवडीची यादी आजच बंद होणार होती.

"डब्याला हात लावायचा नाही," असं इसिल्डाने जाताना बजावलं होतं. पण पाहुणीला काय कच्च्या बिया चघळायला द्यायच्या? (चाखणारे बिया कच्च्याच नेतात आणि आपल्या यंत्रात हलक्या हाताने भाजतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. जन्मभर कॉफी पिकवून त्याने प्यायली ती धुताना पाण्यावर तरंगणारी, टाकाऊ. बुडणारी भरदार बी विकायची असते, प्यायची नसते, हा डोंगराचा रिवाज.)

जाड बुडाचं लोखंडी पातेलं चुलीवर चढलं. बिया तडतडल्या, तांबूस झाल्या. तिथे थांबायला हवं होतं. पण युरायाच्या आईने काळी झाल्याशिवाय कॉफी कधी उतरवली नव्हती, त्यामुळे तोही धूर निघेपर्यंत ढवळत राहिला. मग उखळात कुटली, उकळली, फडक्यातून गाळली आणि बरी झाली का बघावं म्हणून एक घोट घेतला.

युरायाने लगेच दुसरा घोट घेतला. एवढी जाळूनही कडूपणा जिभेला लागेना. आधी काकवीची गोडी, मग संत्र्याच्या फुलाचा वास, आणि गिळल्यावरही काहीतरी घशात मुरत राहिलं. "ही आपल्या झाडांची?" तो एकटाच मोठ्याने म्हणाला. इतकी वर्षं ज्यांच्या बुंध्याशी गवत काढलं, त्यांची ओळख आज होत होती. त्याला लाज वाटली आणि अभिमानही वाटला.

वासाला मात्र घरात कोंडता येत नाही. पहिली आली शेजारीण मिस झिला, स्वतःचा कप घेऊन. (इथे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात.)

"काय रे युराया, चहा कसला करतोयस?" (इथे सकाळी जे गरम ते सगळं चहाच.)

"कॉफीचा. इसिल्डाच्या डब्यातल्या."

"त्या डब्यातल्या? मेलास तू!" म्हणत तिने कप पुढे केला. "भर. दूध नको, साखर नको. डॉक्टरने बंदी केलीय."

मागोमाग पाद्रीबाबा आले. त्यांच्यामागे गाढव बांधून दोन तोडणीवाल्या आल्या. दारात आलेल्याला रिकामं पाठवणं युरायाच्याने होईना. शिवाय जो तो घोट घेऊन गप्प होत होता, आणि ते त्याला पुन्हा पुन्हा बघायचं होतं. पाद्रीबाबांनी तर डोक्यावरची टोपी काढली. मिस झिला सोडून सगळ्यांनी कंडेन्स्ड मिल्क ओतून तिसरा कप घेतला तेव्हा कुठे युरायाने भांड्यात डोकावून पाहिलं. तळ दिसत होता.

तेवढ्यात फाटक वाजलं.

मिस ऑर्लीनला घेऊन आलेली इसिल्डा दारातच थबकली. "युराया, डबा कुठाय?"

"ते... पाहुणीसाठी म्हणून मी..."

"सगळी?"

त्याने होकारार्थी मान हलवली. इसिल्डा ओरडली नाही. पायरीवर बसली आणि डोक्याचं फडकं सोडून तिने तोंडावर धरलं. "आईची झाडं रे ती," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिने पातेलं फेकून मारलं असतं तर युरायाला बरं वाटलं असतं.

"बिनदुधाची कोणाकडे उरलीय का?" मिस ऑर्लीनने विचारलं.

साऱ्या माना मिस झिलाकडे वळल्या. तिने बशीखाली झाकलेला कप पाठीमागे नेला. "ही मी नवऱ्याला नेतेय. आजारी माणूस आहे तो."

"झिला!" पाद्रीबाबा म्हणाले.

कप आला. जेमतेम तीन घोट, तेही गारढोण.

"गारच बरी. गार झाली की खरी चव कळते," असं म्हणून मिस ऑर्लीनने मोठ्याने फुर्रकन घोट ओढला. डोळे मिटले. तिने दुसरा घेतला. चाखायला तिसरा लागत नाही, तरी तिने तोही घेतला.

"पोत्यावर नाव काय टाकायचं? इसिल्डा व्हॅसेल?" तिने वही उघडली.

अंगणात एकच गलका झाला. मिस झिला रडायलाच लागली. (नवऱ्याच्या घोटांसाठी की आनंदाने, ते कळलं नाही.) आता युरायाला धीर आला. छाती काढून तो पुढे झाला. "मॅडम, भाजली कोणी ते नाही विचारलंत?"

"तुम्ही का?" मिस ऑर्लीनने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वीस वर्षं चाखतेय मी. इतकी वाईट भाजलेली कॉफी माझ्या तोंडात कधी आली नव्हती. आणि तरी हिचा गोडवा मेला नाही! म्हणून तर घेतेय."

"त्यात नवल ते काय, मॅडम?" इसिल्डा फडकं पुन्हा डोक्याला बांधत उठली. "तीस वर्षं झाली, मीही याच्याच हातात आहे." आणि तिने करपलेलं पातेलं घासायला युरायाकडे दिलं.