तिसरा मजला क्लॅरिफाय

मोठ्या साहेबांची चिठ्ठी आली तेव्हा हेडक्लार्क चहाचा दुसरा घोट घेत होते. साहेब दौऱ्यावर, चिठ्ठी इंग्रजीत आणि एकाच ओळीची: मी सोमवारी येण्याआधी तिसरा मजला क्लॅरिफाय करा.

ऑफिसात हेडक्लार्कना सगळे ‘शब्दकोश’ म्हणत. नाव थट्टेनं पडलं होतं, त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं होतं. त्यांनी लगेच हुकूम सोडला, “चला, मजला रिकामा करा!”

“अहो, क्लॅरिफाय म्हणजे खुलासा करणं ना?” टायपिस्टबाई म्हणाल्या.

“बाई, ब्यूटीवरून ब्यूटिफाय, सुंदर करा. सिंपलवरून सिंपलिफाय, सोपं करा. मग क्लिअरवरून क्लॅरिफाय म्हणजे काय? साफ करा! मजला काय तोंडानं खुलासा देणार आहे?”

बाईंनी आपला टाइपरायटर उचलला.

टेबलं, कपाटं, माणसं, सगळं खाली उतरलं. मंजुरी विभाग हिशेब विभागाच्या मांडीला मांडी लावून बसला. जागा पुरेना म्हणून शिक्केवाले जिन्यात सरकले. जिन्यातली जुनी कपाटं स्वच्छतागृहात गेली आणि स्वच्छतागृहात जाणारे शेजारच्या ऑफिसात जाऊ लागले. राहता राहिली साहेबांची केबिन. तीही तिसऱ्या मजल्यावरच. शब्दकोश क्षणभर थबकले. पण व्याकरणात वशिला चालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. साहेबांची फिरती खुर्ची फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या खोलीत गेली.

सोमवारी साहेब लिफ्टनं थेट वर गेले आणि त्यांची आरोळी तळमजल्यापर्यंत ऐकू आली.

“माझी खुर्ची कुठंय?”

“क्लॅरिफाय झाली, साहेब,” शब्दकोश धावत वर येऊन म्हणाले.

“अहो, इथं फायली महिनोन्महिने का अडकतात, त्याचा खुलासा मागितला होता मी! आता आधी तुमचंच सामान उचला!”

शब्दकोशांची मान ताठच राहिली. “सामान खालीच आहे साहेब. चला, दाखवतो.”

खाली साहेब बघतच राहिले. मंजुरीवाला सही करून कागद शेजाऱ्याच्या हातात कोंबत होता. शेजारी आकडे तपासून तो जिन्यात ढकलत होता. तिथला माणूस उभ्या उभ्या शिक्का मारून मोकळा होत होता. बसायलाच जागा नव्हती, तिथं फायलींवर कोण बसणार?

“म्हणजे, एवढे दिवस मजल्या-मजल्यांतच अडकत होतं सगळं?” साहेब पुटपुटले.

“तेच तर क्लॅरिफाय केलं, साहेब,” शब्दकोश म्हणाले.

साहेब निमूटपणे पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन बसले. संध्याकाळी तिथूनच चिठ्ठी आली: ही व्यवस्था कायम. सगळ्यांना नोटिफाय करा.

शब्दकोशांनी ती दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. “नोटवरून नोटिफाय! साहेब खूश झालेत. प्रत्येकाला एकेक नोट! काय बाई, आहे काही शंका?”



“छे हो, शंका कसली? अगदी बरोबर अर्थ लावलात,” टायपिस्टबाई म्हणाल्या. “फक्त वाटताना मोठी नोट वाटा.”