खोमण्यांच्या दोन मुक्ता

सर्जेराव खोमणे बारामतीला निघाले तेव्हा त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर दोनच कामं लिहिलेली होती. एक, युरियाच्या चार गोण्या. दोन, 'मुक्ता खोमणे, रक्त-लघवीचा रिपोर्ट'. चिठ्ठी त्यांच्या बायकोनं, म्हणजे मुक्ताबाईंनीच लिहून दिली होती. पंधरा दिवस त्यांचे गुडघे दुखत होते, अधूनमधून मळमळायचं, म्हणून डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या होत्या. आदल्या दिवशी सुनेला सोबत घेऊन त्या लॅबमध्ये रक्त देऊन आल्या होत्या.

आता सुनेचं नावही मुक्ताच. गेल्या वैशाखात त्यांच्या मुलाचं, इंद्रजितचं लग्न झालं तेव्हा भटजींनी तांदळाच्या ताटात नवरीचं नवीन नाव काय लिहायचं म्हणून विचारलं होतं. नवरी म्हणाली, "माझं आधार, पॅन, बँकेतली नोकरी, सगळं मुक्ता नावावर आहे. आता कुठं बदलत बसू?" वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. ती मुक्ताबाईंनी एका वाक्यात मिटवली. "माझं नाव हाय ते. त्यात बदलण्यासारखं काय हाय?" तेव्हापासून वडगाव निंबाळकरच्या त्या वस्तीवर थोरली मुक्ता आणि धाकटी मुक्ता गुण्यागोविंदानं नांदत होत्या. कुणी "मुक्ता" अशी हाक मारली की दोघीही ओ द्यायच्या, आणि मग हाक मारणारा त्यातली हवी ती निवडायचा.

सर्जेरावांना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. सासूबाई लॅबबाहेरच्या बाकावर गुडघा चोळत बसल्या असताना धाकटीनंही आपलं रक्त तपासायला दिलं होतं. तिचे दिवस लांबले होते. गावातल्या मेडिकलमध्ये किट मागितलं असतं तर ती घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली असती. खात्री होईपर्यंत इंद्रजितलाही सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

लॅबच्या काउंटरवरच्या बाईंनी "मुक्ता खोमणे ना?" असं विचारून वरचंच पाकीट सर्जेरावांच्या हातात दिलं. सर्जेरावांनी ते बाहेर येऊन फोडलं. सगळं इंग्रजीत. पण कोरोनापासून दोन इंग्रजी शब्द त्यांना लांबूनही ओळखू यायचे, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. खालच्या ओळीत ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह होतं. ते तसेच शेजारच्या मेडिकलमध्ये शिरले आणि कागद दुकानदारापुढं धरला.

"जरा बघता का, कशाचं पॉझिटिव्ह हाय?"

दुकानदारानं कागद वाचला. कागदाचा वरचा कोपरा, जिथं वय लिहिलेलं होतं, तो सर्जेरावांच्या अंगठ्याखाली होता.

"मुक्ता खोमणे कोण तुमच्या?"

"मालकीण."

दुकानदारानं सर्जेरावांची टोपी, पांढऱ्या मिशा आणि पायातलं करकर वाजणारं पायताण सावकाश पाहिलं. "काका, पेढे आणा. दिवस गेलेत त्यांना."

"कुणाला?"

"तुमच्या मालकिणीला. आता विचारताय कुणाला."

युरिया बारामतीतच राहिला. मोटारसायकलवरून येताना सर्जेराव सारखे हिशेब करत होते. आपण एक्कावन्न, ती सेहेचाळीस. अशक्य म्हणावं असं काही नव्हतं. मळमळत होतं, ते तर त्यांनी स्वतःच पाहिलं होतं. पण घरात लग्नाला अकरा महिने झालेली नवी सून, लोक तिच्याकडं डोळे लावून बसलेले, आणि बातमी कुणाची तर सासूची. इंद्रजितला काय तोंड दाखवायचं? त्यांनी पाकीट ट्रॅक्टरच्या सीटखाली सारलं आणि घरात पाऊल टाकलं.

"आणला का रिपोर्ट?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"आणला. डॉक्टरकडंच ठेवलाय."

"काय म्हणले?"

"काय न्हाय. जरा जपायचं म्हणले."

"किती दिवस?"

"आठ-नऊ म्हयने," सर्जेराव म्हणाले, आणि गोठ्याकडं निघून गेले.

मुक्ताबाई चुलीपुढं बसून राहिल्या. आठ-नऊ महिने जपायचं, म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी पहाटे जे घडलं त्यानं त्यांच्या मनात शंका शिरली. त्या धारेला निघाल्या, तर सर्जेराव बादली घेऊन आधीच म्हशीखाली बसलेले. सत्तावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं म्हशीला हात लावला नव्हता. म्हशीलाही ते माहीत होतं. तिनं पहिल्याच मिनिटाला बादली उडवली.

"उठा तितनं. मी काढते."

"न्हाय. तू वाकायचं न्हाय." सर्जेरावांच्या धोतरावरून दूध ओघळत होतं. "च्या ठेवतो मी तुला. तू बाजंवर बस."

संध्याकाळी त्यांनी पिशवीभर कैऱ्या आणि चिंचा आणल्या आणि मुक्ताबाईंच्या पुढ्यात ओतल्या. "खा."

"आंबट बंद केलंय मला डॉक्टरनी."

"आता चालतंय. काय वाट्टेल ते खा. तुला काय खावंसं वाटतंय, सांग की. मोरगावला जाऊन देवाचं दर्शन घ्यावं, असं काय मनात हाय का?"

एवढं ऐकल्यावर मुक्ताबाईंना काही विचारायचं उरलं नाही. ज्या माणसानं बाळंतपणात कधी माहेरी येऊन चौकशी केली नव्हती, तो आज काय खावंसं वाटतं ते विचारत होता. आठ-नऊ महिन्यांचा अर्थ त्यांना कळला, आपल्या हातात तेवढेच उरलेत.

इकडं धाकटीचा जीव वेगळ्याच कारणानं टांगणीला लागला होता. बँकेतून तिनं लॅबला फोन केला, तर उत्तर आलं, "मुक्ता खोमणे यांचा रिपोर्ट काल घरचे घेऊन गेलेत." म्हणजे सासूबाईंच्या रिपोर्टबरोबर आपलाही सासऱ्यांच्या, तात्यांच्या हातात पडला तर! काय निघालं, ते फोनवर सांगायला लॅबवाल्या तयार नव्हत्या, आणि सासऱ्याला जाऊन विचारायचं तरी कसं? कैऱ्या आल्या तेव्हा तिला वाटलं, आपल्यासाठीच आणल्या. तिनं एक उचलली, तर तात्या म्हणाले, "तुझ्या सासूसाठी हायत त्या." मग तिला काहीच कळेना.

सर्जेरावांना कुणाशी तरी बोलल्यावाचून राहवेना. दुधाच्या डेअरीवर त्यांनी शेजारच्या आबासाहेबांना बाजूला घेतलं. आबासाहेब वयानं मोठे, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा सल्ला तयार असायचा.

"आबा, कन्हेरी गावचा एक माणूस हाय वळखीचा. त्याच्या बायकोला ह्या वयात दिवस गेलेत. घरात सून हाय. काय करावं त्यानं?"

"वय काय त्याचं?"

"आसंल माझ्याएवढं."

"ऊस किती हाय त्याला?"

"चार एकर."

"तुझ्याएवढाच की." आबासाहेबांनी तंबाखू मळली. "सांग त्या कन्हेरीच्या माणसाला, लाजू नको म्हणावं. देवाची देणगी हाय. आन बायकोला म्हशीपशी जाऊ देऊ नको म्हणावं, लाथाडती ती."

"कुणाची म्हस?"

"कन्हेरीचीच," आबासाहेब म्हणाले.

चौथ्या दिवशी, रविवारी, मुक्ताबाईंनी सुनेला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. हातातल्या पाटल्या काढून सुनेच्या मनगटात सरकवल्या. कपाटाची किल्ली कुठं असते, लोणच्याला मोहरी किती घालायची, कोणत्या म्हशीला डाव्या अंगानं जायचं नाही, सगळं सांगितलं.

"आई, हे आत्ताच कशाला?"

"मी आठ-नऊ म्हयन्यांची सोबती हाय. तुझ्या सासऱ्याला सगळं ठावं हाय, पर बोलत न्हाय बिचारा. रात्रंदिस मनात झुरतोय."

धाकटी रडत बाहेर आली. तिनं इंद्रजितला सांगितलं. त्यानं आपलं गावातलं दुकान बंद केलं, पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावला आणि इंदापूरला मावशीला फोन केला. मुक्ताबाईंची धाकटी बहीण कौसल्या दुपारच्या एसटीनं पेरूची पिशवी घेऊन आली ती फाट्यापासूनच रडत. "आक्का, माझ्या आधी तू कुठं निघालीस गं," असं म्हणत तिनं बहिणीच्या गळ्यात हात टाकले. आता खात्रीच पटलेल्या मुक्ताबाईही रडू लागल्या.

सर्जेराव शेतातून आले आणि पडवीतला देखावा बघून दारातच थबकले.

इंद्रजित उठला. "तात्या, आता लपवू नका. आईला काय झालंय?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांना कळलंय."

सर्जेरावांनी टोपी काढली आणि हातात फिरवत राहिले. मुलाकडं बघायची त्यांची हिंमत होईना. त्यांनी खांबाकडं बघत सांगितलं, "तुला भाऊ व्हईल न्हायतर बहीण व्हईल. माझ्या हातात काय न्हाय आता."

रडणं थांबलं. कौसल्येनं डोळ्यांना लावलेला पदर काढला आणि दाजींकडं, मग बहिणीकडं, मग पुन्हा दाजींकडं पाहिलं.

"मला?" मुक्ताबाई म्हणाल्या. "मला दिवस गेलेत?"

"रिपोर्टात आलंय. पॉझिटिव्ह."

"आवं, माझी पाळी जाऊन दीड वरीस झालं."

"मला कुठं बोललीस?"

"तुमी कवा इचारलं?"

सर्जेरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ते तसेच ट्रॅक्टरकडं गेले, सीटखालून पाकीट काढलं आणि आणून इंद्रजितपुढं धरलं. पण त्याच्या आधी धाकटीनं ते घेतलं. चार दिवस ती ह्याच कागदासाठी घरातले कोनाडे धुंडाळत होती. तिनं वाचला, पुन्हा वाचला, आणि तिचे कान लाल झाले.

"तात्या," ती हळूच म्हणाली, "इथं वय चोवीस लिहिलंय."

"मग त्यांचं चुकलं आसंल. हिचं सेहेचाळीस हाय."

"मग चोवीस कुणाचं?" इंद्रजितनं विचारलं.

सगळे त्याच्याकडं बघत राहिले. शेवटी कौसल्याच म्हणाली, "आरं, तुझ्याच बायकोचं."

इंद्रजित मटकन बाजेवर बसला. बातमी समजायला त्याला जितका वेळ लागला, तितक्या वेळात मुक्ताबाईंनी सुनेला जवळ घेऊन तिची अलाबला काढलीही. चार दिवस मरणाची तयारी करून बसलेल्या बाईला एकाच वेळी आपला जीव परत मिळाला होता आणि नातवंडही. धाकटी डोळे पुसत पाटल्या काढायला लागली.

"राहू दे की तुझ्याच हातात," मुक्ताबाई म्हणाल्या, पण त्यांचा हात तोवर पुढं आलेला होता.

सोमवारी इंद्रजितनं लॅबमध्ये राहिलेलं दुसरं पाकीट आणलं. थोरल्या मुक्ताला कॅल्शियम कमी होतं, एवढंच. सर्जेरावांच्या डोक्यावरचं ओझं असं उतरलं की त्यांनी दोन किलो पेढे आणले आणि डेअरीवर दिसेल त्याला वाटत सुटले. आबासाहेबांच्या हातावर त्यांनी मुद्दाम दोन ठेवले.

"आबा, सुनेला दिवस गेलेत."

"सुनेला?"

"व्हय. सुनेलाच. मुक्ताला."

आबासाहेबांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. "आसंच सांगायचं सगळ्यास्नी. मी बी हेच सांगतो. कुणी इचारलं तर कन्हेरीचं नाव काढायचं न्हाय."

सर्जेरावांनी सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. दुकानदार, अंगठा, चोवीस वय, कॅल्शियम. आबासाहेब मान डोलवत ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "झ्याक जमलंय. कॅल्शियम तर लईच भारी."

दुसऱ्या दिवशी दुपारी आबासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई पदराखाली स्टीलचा डबा घेऊन आल्या. दार धाकटीनं उघडलं.

"रव्याचं लाडू हायत. मुक्तासाठी आणलेत."

"काकू, कशाला एवढा त्रास घेतलात?" म्हणत धाकटीनं हात पुढं केला.

द्वारकाबाईंनी डबा मागं घेतला. "तुला न्हाय गं. तुझ्या सासूला. ह्या वयात ताकद लागती बाईमाणसाला."

धाकटी समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच मुक्ताबाई आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डब्याचं झाकण त्यांनी उचलून पाहिलं. लाडू साजूक तुपातले होते, वर चारोळ्या आणि बेदाणे.

"मुक्ता मीच," त्या म्हणाल्या आणि डबा घेऊन बाजेवर जाऊन बसल्या. एक लाडू फोडून अर्धा त्यांनी सुनेच्या हातावर ठेवला, अर्धा तोंडात टाकला आणि द्वारकाबाईंकडं बघून विचारलं, "पुढच्या म्हयन्यात काय आणताय?"