मिफ्लेहच्या गाडीची राखण

चोर एकदाच येतो, राखणदार रोज जेवतो. तरीही सर्व सुधारलेल्या समाजांनी चोराला तुरुंग आणि राखणदाराला पगार अशी वाटणी केली आहे, आणि ती योग्यच आहे.

सॉल्ट गावातल्या मिफ्लेहची गाडी रोज सकाळी बॅटरी उतरून मेलेली असे. तिला ढकलण्याचं काम गल्लीने इतक्या निष्ठेने अंगावर घेतलं होतं, की इतर सार्वजनिक कामं (उदा. गटार) मागे पडली. पण शुक्रवारी राकानची, म्हणजे त्याच्या पोराची, जाहा निघायची होती. मुलगी मागायला वडीलधारे वाजतगाजत जाणार आणि सगळ्यांत पुढे मिफ्लेहचीच गाडी. मुलीचा बाप नव्वाफ फौजेतला. त्याच्या दारात गाडी ढकलायची पाळी आली, तर लग्न मोडलंच म्हणून समजा. या धास्तीने मिफ्लेहला घास गिळवेना.

शेवटी हागोप इलेक्ट्रिशियनला बोलावलं. बंद गाडीची वीज कोण पितं, हे शोधणं सोपं असतं. मीटर लावायचा, दारं बंद करायची, गाडीला झोपू द्यायचं, कुणी हात लावायचा नाही, मग एकेक फ्यूज काढून बघायचा. यातली हात न लावण्याची अट सॉल्टमध्ये आजवर कुठल्याही कामात पाळली गेलेली नाही. बघायला आलेल्यांना उभं कसं ठेवायचं? मिफ्लेहने प्रत्येकाला गाडीत बसवून चहा पाजला. दार उघडलं की दिवा लागे आणि मीटरचा आकडा उडी मारी.

"अबू राकान, तुझी गाडी झोपेल कशी? आत लग्नाची पंगत बसलीय," हागोप राकानच्या बापावर, म्हणजे मिफ्लेहवर, करवादला. "माणसं उतरव, नाहीतर मी चाललो."

तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजाला गल्ली मशिदीत गेली, तेव्हा कुठे गाडीचा डोळा लागला. हागोपने एक फ्यूज उपटला आणि आकडा धाडकन खाली आला. वीज पीत होता अलार्म. आधीची बॅटरी चोरीला गेली म्हणून नवीच्या राखणीला बसवलेला.

गल्लीतले सर्वांत वडीलधारे अव्वादकाका नमाजाहून आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "छान. आता फ्यूज परत लाव."

"काका, तोच तर बॅटरी खातोय," मिफ्लेह म्हणाला.

"खाऊ दे की. काढलास तर चोर नेतील. आपलं माणूस खातंय ते बरं की चोर?"

सत्तर टक्के गल्लीने माना डोलावल्या. (उरलेले चहाचं विचारत होते.) फ्यूज परत बसला. हागोप मीटर गुंडाळून निघून गेला.

शुक्रवारी नव्वाफच्या दिवाणखान्यात काकांपुढे कॉफी आली. होकार मिळेपर्यंत तिला ओठ लावायचा नसतो. भाषणं लांबली. बाहेर अलार्म अचानक बोंबलू लागला, मग कण्हू लागला, मग गप्प झाला. नव्वाफने भुवया उंचावल्या. मिफ्लेहने खरं काय ते सांगून टाकलं.

"माहीत असून परत बसवलात?" नव्वाफ म्हणाला. "मुलगी देतो. आधी तो फ्यूज आणून माझ्या हातात ठेवा."

मिफ्लेह अनवाणीच धावला. फ्यूज आला, कॉफी प्यायली गेली आणि गाडीला पहिला खांदा खुद्द व्याह्यांनी लावला. मिफ्लेहच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी पोचताच काकांनी विचारलं, "आता राखण कोण करणार?" ठराव झाला: रोज रात्री एकाने गाडीत बसायचं. झोप लागू नये म्हणून दिवा आणि रेडिओ चालू ठेवायचा.

गल्ली रोज सकाळी पुन्हा कामावर हजर असते.

आपण हसलात, आनंद आहे. आता आपल्या घरातल्या एका राखणदाराचा फ्यूज काढून बघा. परत लावायला सांगणारे अव्वादकाका तुमच्याकडेही असतीलच. नसतील, तर ते तुम्हीच.